दोन्ही चांगले, पण जोडा जमेना

आमचा भाचा हिफ्ज करतो. वय 14, पारे 19 झालेत. त्याच्या मदरशात मोबाइलला बंदी आहे आणि ती बंदी आम्हाला मनापासून पटते. पण आमुख्ता पक्का व्हायचा तर चांगल्या कारीची तिलावत कानावरून पुन्हा पुन्हा जायला हवी. म्हणून उस्तादांनीच तोड काढली: ज्याला परवडेल त्यानं गाणी ऐकायचा तो छोटा प्लेअर आणावा, कार्डात फक्त तिलावत भरावी आणि इशानंतर ऐकत बसावं. आम्ही काडेपेटीएवढा एक प्लेअर घेऊन दिला. इअरफोन विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. दूल्हेभाई कुवेतहून येताना स्वतःसाठी महागडे इअरफोन घेऊन आले होते, ते त्यांनी मुलाला दिले. प्लेअर चांगला, इअरफोन त्याहून चांगले. मामू म्हणून आम्ही आमचं काम झालं असं समजून मोकळे झालो.

दोन महिन्यांनी सुट्टीत भाचा घरी आला तेव्हा त्याच्या कानात ते इअरफोन नव्हतेच. बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळतात आणि ज्यांच्या डबीवर मोठ्या अक्षरात बास बास लिहिलेलं असतं, तसले होते. विचारलं तर म्हणाला, "मामू, अब्बूंचे चांगले नाहीत. आवाज बसका येतो, आणि कारीसाहेब थांबले की सरसर ऐकू येते." मग जरा घुटमळून दुसरी गोष्ट सांगितली. उस्ताद रागावले होते. त्याचा 'से' आणि 'सीन' एकच होत होता, 'साद'ही त्यांच्याकडेच झुकत होता.

आता यात सगळा दोष यंत्राचा नाही, हे आधीच सांगतो. आपल्या घरात मराठी बोला की उर्दू, जिभेला 'स' एकच माहीत आहे. अरबीत नावाला इस्म म्हणतात आणि गुन्ह्यालाही इस्म म्हणतात. पहिल्यात सीन, दुसऱ्यात से. आम्हाला देवनागरीत दोन्ही सारखेच लिहावे लागतात आणि आपण उच्चारतोही सारखेच. हा फरक उस्तादासमोर बसून, त्यांच्या ओठा-दातांकडे बघूनच शिकायचा असतो. पण जो मुलगा रोज दोन तास कानानं शिकतो आहे, त्याच्या कानापर्यंत तो फरक पोहोचायला तरी हवा की नाही? सीनची शिट्टी म्हणजे फार बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. त्याचा जोर सेकंदाला 4000 कंपनांच्या वरच असतो. 'से' त्याच जातीचा पण फार कमजोर, जीभ दातांत धरून सोडलेल्या फुंकरीसारखा. आणि साद ओळखायचा तो त्याच्या शिट्टीपेक्षा शेजारच्या स्वराला जो जडपणा येतो त्यावरून. खालचा जाड आवाज फुगवला की वरचे बारीक आवाज त्याखाली दबतात. कानाची घडणच तशी आहे. त्या बासवाल्या इअरफोनमध्ये कारीसाहेबांचा आवाज घुमटात बसून पढल्यासारखा भारदस्त येत होता, पोराला तो आवडतही होता. अक्षरं मात्र त्यात बुडाली होती.

तरीही हा मजकूर कदाचित लिहिला नसता. त्या रात्री दस्तरखानावर अब्बांनी भाच्याला काही विचारलं आणि त्यानं तीनदा उत्तर दिलं. अब्बा हसून मान हलवत राहिले. त्यांना कळलं नव्हतं. अब्बांनी भिवंडीत 34 वर्षं लूम चालवले. लूमच्या खात्यातला आवाज 90 डेसिबलच्या वर असतो आणि त्या काळी कानात कापसाचा बोळाही कोणी घालत नसे. अब्बांना आवाज ऐकू येतो, कोण बोलतंय हेही कळतं, पण शब्द कळत नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी त्यांचा आलेख काढून दाखवला होता. सगळीकडे बरी असलेली रेघ 4000 कंपनांच्या आसपास विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. गोंगाटानं जाणारा कान आधी तिथेच जातो. आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत.

म्हणजे भाचा जी अक्षरं शिकायला धडपडतो आहे, ती नेमकी त्याच जागी राहतात. आणि तो आम्हाला सहज सांगून गेला की ऐकून झालं की रात्री कानात शिट्टी वाजते, सकाळी जाते.

आम्ही सगळं सामान ताटात मांडलं. प्लेअर, दोन्ही इअरफोन आणि दूल्हेभाईंच्या डबीत न उघडलेली पडलेली रबराच्या टोप्यांची पुडी. शेजारी मोबाइल दुरुस्त करणारा एक हुशार मुलगा राहतो, त्यालाही बोलावलं. पुढचं जे लिहितो आहोत त्यातलं निम्मं त्याच्याकडून शिकलो, निम्मं चुका करून.

पहिली गोष्ट ते रबर. कानाच्या आत बसणारा इअरफोन आणि कानावर टेकणारा जुना इअरफोन यात मोठा फरक हाच, की आतला इअरफोन कानाची नळी बंद करतो. ती नीट बंद झाली तरच खालचा आवाज आत टिकतो, बारीक फट राहिली तर निघून जातो. भाच्याच्या कानाला मधल्या मापाचं रबर नीट बसत नव्हतं, म्हणून दूल्हेभाईंचे इअरफोन त्याला चिरके वाटायला हवे होते. तो 'बसका' म्हणत होता त्याचं कारण वेगळं, ते पुढे येईल. लहान माप चढवलं तर उजवा कान बसला, डावा नाही. दोन कानांची मापं वेगळी असू शकतात हे आम्हाला वयाच्या पन्नाशीत कळलं. डाव्याला मधलं, उजव्याला लहान असं ठेवलं. घालायचीही रीत आहे: दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, नळी सरळ होते, मग इअरफोन हलकेच आत सरकवायचा. बसला की खोलीतला पंखा एकदम दूर गेल्यासारखा वाटतो. पंखा दूर गेला नाही तर बसलेला नाही, दुसरं माप बघा. स्पंजसारखी मऊ रबरंही मिळतात. ती बोटांत वळून बारीक करायची, आत घालून अर्धा मिनिट धरायची, मग ती फुगून नळी भरतात. ज्यांना सिलिकॉन बसतच नाही त्यांनी ती घ्यावी, मात्र ती लवकर झिजतात.

हे नुसतं चांगल्या आवाजापुरतं नाही. नीट बसलेलं रबर बाहेरचा गोंगाट 20 डेसिबलच्या आसपास अडवू शकतं. एसटीत खिडकीशी बसलेला मुलगा आवाज वाढवतो तो ऐकायला कमी येतं म्हणून नव्हे, तर एसटीच्या वर जायचं असतं म्हणून. गोंगाट दारातच अडला तर आवाज वाढवायचं कारणच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्या माणसानं 80 डेसिबलनं आठवड्याला 40 तास ऐकावं, मुलानं 75 डेसिबलनं. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे मुलासाठी 78 ला 20 तास, 81 ला 10, 84 ला फक्त 5. रोज दोन तास ऐकणाऱ्या मुलाचा 84 चा आठवडा तिसऱ्या दिवशीच संपतो. आणि 84 काही फार मोठा वाटत नाही, रहदारीच्या रस्त्यावर तेवढं सहज असतं.

आता प्लेअर आणि इअरफोनचा जोडा. इथे आम्हाला लग्न जुळवणाऱ्या आपाजानची आठवण आली. दोन्ही घरं चांगली, मुलगा चांगला, मुलगी चांगली, आणि तरी जमत नाही. दूल्हेभाईंच्या इअरफोनमध्ये प्रत्येक बाजूला चार चिमुकले स्पीकर आहेत, बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे. ही जात मुळात श्रवणयंत्रातून आली. श्रवणयंत्रांवर काम करणाऱ्या मीड किलियन यांच्या एटिमोटिक या अमेरिकी कंपनीनं 1991 मध्ये तसाच स्पीकर घालून कानात खोल बसणारे ईआर-4 हे इअरफोन काढले. अब्बांच्या कानामागच्या यंत्रात जे आहे त्याचीच भावंडं पोराच्या कानात होती, हे ऐकून अब्बांना मोठी गंमत वाटली.

या जातीचा एक स्वभाव आहे. विजेला ती जो अडथळा करते, ज्याला इम्पीडन्स म्हणतात आणि ओहममध्ये मोजतात, तो सगळ्या सुरांना सारखा नसतो. त्यातही एका कानात तीन-चार स्पीकर असले की तो फार वरखाली होतो. समजा एका सुराला 8 ओहम, दुसऱ्याला 40. आता प्लेअरच्या तोंडाशीही स्वतःचा थोडा अडथळा असतो. तो 1 ओहम असेल तर दोन सुरांत फरक पडतो जेमतेम पाऊण-एक डेसिबलचा, कानाला कळणारही नाही. पण तोच 10 ओहम असेल तर फरक होतो 5 डेसिबलचा. म्हणजे कारखान्यानं जो तोल साधून दिला तो बिघडला, काही आवाज पुढे आले, काही मागे गेले. स्वस्त, छोट्या प्लेअरमध्ये असा अडथळा बऱ्याचदा जास्त असतो. भाच्याच्या बाबतीत नेमका वरचा, अक्षरांचा भाग मागे गेला होता. म्हणून आवाज बसका. दूल्हेभाई तेच इअरफोन त्यांच्या फोनला लावून ऐकत होते, तिथे ते सुरेख वाजत. बाप-लेकाचा वाद दोघांच्याही खरेपणातून उभा राहिला होता.

अंदाज बांधायला एक सोपा नियम आहे: इअरफोनचा अडथळा प्लेअरच्या अडथळ्याच्या निदान आठपट असावा. 16 ओहमच्या इअरफोनला 2 ओहमचा प्लेअर, 32 च्याला 4 पर्यंत चालेल. इअरफोनचा आकडा डबीवर असतो. प्लेअरचा बहुधा छापलेला नसतो, ही कंपन्यांची लबाडी म्हणा की आळस. म्हणून ज्याचा प्लेअर साधा आहे त्यानं एकाच स्पीकरचे, साध्या पडद्याचे, 32 ओहमच्या आसपासचे इअरफोन घ्यावेत. या पडद्याच्या जातीचा अडथळा फारसा वरखाली होत नाही, त्यामुळे ते कुठेही दिले तरी नांदतात.

सरसरीचं कारण दुसरं. दूल्हेभाईंचे इअरफोन फार तल्लख, जरा वीज मिळाली की बोलायला लागतात. प्लेअरच्या आत सतत एक बारीक खरखर चालू असते. साध्या इअरफोनला ती ऐकू जात नाही, तल्लखाला जाते. गाण्यात ढोल-ताशे चालू असतात तेव्हा कोणाच्या लक्षात येणार? पण तिलावतीत वक्फ असतो. कारी आयत संपवून थांबतो, श्वास घेतो, आणि त्या शांततेत ती सरसर उघडी पडते. तल्लखपणाची दुसरी अडचण अशी की आवाजाची पहिली पायरी हळू आणि दुसरी एकदम मोठी, मध्ये काहीच नाही. रात्री निजलेल्या पोरांच्या रांगेत बसून ऐकणाऱ्याला हवा असतो तो नेमका मधला आवाज.

एक घोटाळा आम्हीही केला, तो सांगून टाकतो. सरसर आली की प्लेअरला दोष द्यायचा असं ठरवून बसलो होतो. भाचा ऐकतो ती महमूद खलील अल-हुसरी यांची तिलावत. मिसरमध्ये 1961 साली त्यांच्या आवाजात पूर्ण कुरआन मुरत्तल पद्धतीनं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला. इतकं जुनं मुद्रण, त्याची स्वतःची थोडी खरखर असणारच. ओळखायचं कसं? आवाज कमी करा. खरखर त्याबरोबर कमी झाली तर ती मुद्रणातली, तिच्याशी भांडू नये. आवाज कमी केला तरी ती होती तेवढीच राहिली तर ती प्लेअरची. आमच्याकडे दोन्ही होत्या.

जुन्या मुद्रणाचा एक फायदाही सांगतो. त्यात डावा-उजवा असा भेद नसतो, दोन्ही कानांत एकच आवाज. म्हणून तिलावतीसाठी इअरफोन घेताना 'आवाज चहूबाजूंनी येतो' या जाहिरातीला भुलायचं कारण नाही. घरात काय ऐकावं आणि काय नाही यावर आमच्याकडेही दोन मतं आहेत. अम्मींना नातेशिवाय काही चालत नाही, आणि अब्बांना रफीसाहेबांशिवाय कधी चाललं नाही. पण माणसाचा आवाज ऐकायचा असेल, मग तो कारीचा असो की गायकाचा, तर आवाजाच्या मधल्या भागाची सफाई आधी बघावी एवढ्यावर घरात एकमत आहे.

फाइलचं थोडक्यात. भाच्याच्या कार्डातले काही पारे कोणाकडून तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले, तिथून पुन्हा लहान केलेले होते. फाइल फार दाबली की सगळ्यात आधी वरचे बारीक आवाज कापले जातात, पुन्हा तेच नुकसान. एकट्या माणसाच्या आवाजाला 64 केबीपीएस पुरतं, 128 असेल तर उत्तम. त्याहून मोठी फाइल घेऊन फक्त कार्ड भरतं. शिवाय प्लेअरच्या आत इक्वलायझर नावाचं खातं होतं आणि तिथे 'बास बूस्ट' चालू होतं. ते बंद केलं तेव्हा भाचा म्हणाला आवाज पातळ झाला. आठ दिवस असाच ऐक, मग बोल, असं सांगितलं.

शेवटी दूल्हेभाईंचे इअरफोन दूल्हेभाईंना परत केले आणि साध्या पडद्याचे, 32 ओहमचे, वायरवाले घेतले. चारशेच्या आत आले. दुकानात घेताना आम्ही कार्ड आणि प्लेअर बरोबर नेला, हे महत्त्वाचं. दुकानदार स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या गाण्यावर वाजवून दाखवतो, त्यावरून काही कळत नाही. आपला प्लेअर, आपली रोजची तिलावत, आणि आवाज मुद्दाम कमी. मोठ्या आवाजात सगळेच इअरफोन चांगले वाटतात. कमी आवाजात अक्षर अन् अक्षर सुटं ऐकू येतं का ते बघायचं. भाच्यानं डोळे मिटून सूरह अल-कौसर ऐकली. पहिल्या आयतीच्या शेवटी से आहे, दुसऱ्या आयतीत साद आहे. तीन वेगवेगळ्या इअरफोनवर ऐकून त्यानंच निवड केली, आम्हाला विचारलं नाही.

त्यानंतर त्याच्या आवाजाची पायरी आपोआप उतरली. पूर्वी 20 पैकी 16 वर असायचा, आता शांत खोलीत 8 वर भागतं. इअरफोन वेगळे म्हणून पायऱ्यांची तुलना अगदी बिनचूक नाही, पण कानातली शिट्टी थांबली, हा आमच्यासाठी खरा आकडा. तरी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासणी करून घेतली. रेघ सरळ आहे, अल्हमदुलिल्लाह.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. वजू करताना कानांचा मसह होतो, बोट आत फिरतं, कान ओलसर राहतो. त्यावर लगेच रबर घातलं तर ओल आत कोंडते आणि आपल्याकडच्या दमट हवेत कानाला बुरशी धरायला तेवढं पुरतं. आधी कान कोरडा करा, पाच मिनिटं जाऊ द्या, मग ऐका. आणि रबरं आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात मळ बसला की एका कानाचा आवाज कमी होतो. आपल्याला वाटतं इअरफोन गेला, किंवा कानच गेला. मदरशात मुलं एकमेकांचे इअरफोन वापरतात, ते तेवढं बंद करा असं आम्ही उस्तादांना सांगितलं, त्यांनी मानलं.

परवा भाच्याचा निरोप आला. से सुधारला आहे, साद अजून उस्तादांना पसंत नाही. आणि नवी तक्रार: कार्डात एकेक आयत वेगळ्या फाइलमध्ये आहे, प्लेअर दोन फाइलींमध्ये क्षणभर अडतो, त्यामुळे जिथे वस्ल करून पुढे जायचं तिथेही तुटतं. पूर्ण सूरहची एक फाइल असलेलं कार्ड भरून ठेवलं आहे, जुम्माला कोणी त्या बाजूला जाणारं भेटलं की पाठवतो.